वजा अठरा

आकडा त्याने वाचायचा आणि वहीत तिने लिहायचा, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं.

तिला रक्त बघवत नसे. मूल व्हावं म्हणून सहा वर्षं तिने दंडात आणि पोटावर सुया टोचून घेतल्या होत्या, पण एकदाही सुईकडे पाहिलं नव्हतं. सहाव्या महिन्यात बोटातल्या थेंबावरून साखर मोजायचं यंत्र घरात आलं, तेव्हा तिने डावा हात पुढे केला आणि मान भिंतीकडे वळवली. नवऱ्याने तिचं बोट चिमटीत धरलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला आणि पाच सेकंद थांबला.

"एकशे बारा."

तिने उजव्या हाताने लिहिलं, एकशे बारा.

दोघांच्या कामांनाही हे शोभण्यासारखं होतं. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. किराणा दुकानदार, सोनार, भंगारवाले, बी-बियाणांची गोदामं, सगळ्यांचे काटे त्याच्याकडे यायचे, आणि गल्लीत त्याला काटेवाला म्हणूनच ओळखत. ती कोर्टात स्टेनो होती. साक्षीदार जे बोलेल ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं. त्यातलं खरं किती आणि खोटं किती, हे बघायला समोर उंच खुर्चीवर दुसरं माणूस बसलेलं असे. चौदा वर्षांत तिच्या टिपणावर एकदाही हरकत आली नव्हती.

काटेवाल्याचा धंद्याचा एक नियम होता. प्रत्येक काट्याला एक खोड असते, असं तो म्हणे. कुठला काटा पाच ग्रॅम जास्त दाखवतो, कुठला थंडीत कमी. खोड काढता आली तर काढायची. नाही आली, तर ती ओळखून काट्याच्या आत, झाकणाच्या मागे, चिठ्ठी लावून ठेवायची. चिठ्ठीवर तारीख आणि फरक. 'वजा ५.' पुढच्या माणसाने झाकण उघडलं की त्याला कळलं पाहिजे. लपवलेली खोड म्हणजे चोरी, असं तो हाताखाली शिकायला येणाऱ्यांना सांगायचा.

डॉक्टरबाईंनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. तिच्या अंडाशयात गाठी होत्या. पाळी कधी दोन महिन्यांनी यायची, कधी चार. हनुवटीवर केस यायचे, ते ती कोर्टात जाण्यापूर्वी चिमट्याने उपटायची. या सगळ्याचं मूळ एकच, असं बाई म्हणाल्या. शरीर आपलंच इन्सुलिन नीट जुमानत नाही. अशा बाईला दिवस राहिले की साखर वाढायची शक्यता इतरांपेक्षा जास्त. साखर आईची वाढते आणि वाढतं पोटातलं बाळ. म्हणून रोज चार वेळा मोजायचं. उपाशीपोटी एकदा आणि तीन जेवणांनंतर दोन दोन तासांनी.

"जेवणानंतर एकशे वीसच्या आत हवी," बाई म्हणाल्या. "पहिला आठवडा पथ्याला देऊ. त्यानंतर आठवड्यात दोनदा वर गेली तर इन्सुलिन सुरू. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाळापर्यंत ते पोचत नाही."

ती घाबरली नाही. काटेवाला घाबरला, पण तो तसं बोलला नाही. त्याच्या वडिलांना इन्सुलिन सुरू झालं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. वर्षाच्या आत वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापला आणि पुढच्या वर्षी वडील गेले. सुई उशिरा लागली म्हणून पाय गेला, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घराने मात्र ते उलट लक्षात ठेवलं.

दुपारच्या जेवणानंतरचं मोजमाप कोर्टात व्हायचं. अडीच वाजता तो दुकानाचं शटर ओढून स्कूटरवर यायचा, अर्जनवीस बसतात त्या व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर. खिशातून यंत्र काढायचा.

"आले रक्तपेढीवाले," नाझर म्हणायचा.

"तुमचंही घेऊ का थोडं?" काटेवाला विचारायचा. "पण पट्टीला लागायला आधी सापडलं पाहिजे."

सगळे हसायचे. ती भिंतीकडे बघत हात पुढे करायची. तो आकडा सांगायचा, पट्टी काढायचा, यंत्र बंद करून खिशात टाकायचा. ती वहीत लिहायची. उभ्या चार ओळी, आडव्या तारखा, एकही खाडाखोड नाही.

पहिल्या आठवड्यात दोनदा आकडा वर गेला. एकदा एकशे सत्तावीस, एकदा एकशे एकतीस. एकतीस ऐकल्यावर ती रात्री जेवली नाही. नुसती ताटासमोर बसून राहिली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उपाशी राहून लेकरू का वाढणार आहे? दोन घास खा." तिने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या सोमवारी प्रयोगशाळेत तपासणी होती. जेवणानंतर दोन तासांनी दंडातून रक्त घेतलं गेलं. त्याच मिनिटाला काटेवाल्याने तिचं बोट टोचून आपलं यंत्रही लावून पाहिलं. संध्याकाळी कागद आला. यंत्राने एकशे एक्केचाळीस दाखवले होते, कागदावर एकशे तेवीस होते. कागद त्याने बराच वेळ हातात धरला.

त्या दिवसापासून आकडे उतरले. एकशे सहा. एकशे अकरा. अठ्ठ्याण्णव. तिने पोळी एकावर आणली होती, भात सोडला होता, जेवणानंतर कोर्टाच्या आवाराला तीन फेऱ्या मारत होती. तिला वाटलं, गुण आला. आकडा ऐकला की ती मान वळवून त्याच्याकडे बघायची आणि हसायची. तोही हसायचा.

"बघ," तो म्हणायचा, "तुझा काटा सरळ झाला."

डॉक्टरबाईंनी वही चाळली. "इतकी स्वच्छ वही मी बघितली नाही," त्या म्हणाल्या. "ही मी इतर बायकांना दाखवणार आहे." आणि खरंच दाखवली. बाहेर बाकावर बसलेल्या दोघींनी ती वही हातात घेऊन पाहिली.

बत्तिसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचं माप तीन आठवड्यांनी पुढे निघालं. डॉक्टरबाईंनी कागद आणि वही शेजारी शेजारी ठेवली.

"जमत नाही," त्या म्हणाल्या. "वहीत सगळं छान आहे. मग साखर जातेय कुठून? चोरून काही खाता का?"

"मी?" ती म्हणाली. "बाई, मी दोन महिन्यांत चहात साखर पाहिली नाही."

"मग कोणी घालत असेल. पुढच्या वेळी यंत्र घेऊन या, मला त्यातले जुने आकडे बघू द्या."

"आणतो," काटेवाला म्हणाला. पुढच्या वेळी यंत्र दुकानात राहिलं. त्याच्या पुढच्या वेळी त्याची बॅटरी गेलेली होती. बाहेर तीस बायका थांबल्या होत्या. बाईंनी वही पाहिली, मान हलवली आणि विषय तिथेच राहिला.

पण 'कोणी घालत असेल' हे शब्द तिच्या डोक्यात राहिले. झोपण्यापूर्वी सासूबाई तिला पेलाभर दूध देत. ते शेवटच्या मोजमापानंतर यायचं, म्हणजे वहीत न धरलेलं. तिने एकदा एक घोट घेऊन पेला खाली ठेवला.

"यात साखर आहे का?"

"दूध गोडच असतं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी सरळ विचारतेय."

"आणि मी वाकडं सांगतेय?" सासूबाईंचा हात पदराच्या टोकावर थांबला. "माझ्या नवऱ्याचा पाय या साखरेने नेला. मी तुझ्या दुधात साखर घालीन? माझ्याच नातवंडाला?"

"मग बाळ तीन आठवड्यांनी मोठं कसं निघालं? मी खात नाही. हवेतून येते का साखर?"

दोघींनी काटेवाल्याकडे पाहिलं. तो कोपऱ्यात एका सोनाराचा काटा उघडून बसला होता. त्याने मळसूत्र फिरवलं, पातळीचा बुडबुडा मधोमध आणला आणि म्हणाला, "जाऊ दे ना आता."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पिशवी भरली आणि त्या लेकीकडे गेल्या. त्यानेच पिशवी स्कूटरला अडकवली. त्या मागे बसल्या, सुनेकडे न बघता म्हणाल्या, "दूध आता तूच तापवून घे. नीट बघून घे, हं."

त्यानंतर दूध बंद झालं. आकडे चांगलेच राहिले.

अडतिसाव्या आठवड्यात तिला दाखल करून कळा आणल्या. बाळ मोठं आहे, पण साखर ताब्यात होती, तेव्हा नैसर्गिक प्रसूतीला हरकत नाही, असं डॉक्टरबाईंनी ठरवलं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. सव्वा मिनिट अडकून होता. एका सिस्टरने तिच्या ओटीपोटावर तळहाताने दाब दिला, दुसरीने तिचे गुडघे छातीकडे रेटले, आणि बाई कोणाशीही न बोलता आत हात घालून खांदा फिरवत राहिल्या. काडी मोडावी तसा बारीक आवाज झाला. मग बाळ आलं. मुलगी. मानेखालचं डावं हाड मोडलं होतं.

बाहेर सिस्टरने काटेवाल्याला सांगितलं, "मुलगी. चार किलो दोनशे ऐंशी."

"तुमचा काटा शेवटचा कधी तपासला होता?" त्याने विचारलं.

 सिस्टर म्हणाली, "बाळाला आत घेतलंय. साखर चोवीस आली आहे."

नवजात विभागात काचेपलीकडे सहा पाळणे होते. पाच पाळण्यांत मुठीएवढी बाळं, नळ्यांच्या जाळ्यात. सहाव्यात तिची मुलगी, गुबगुबीत, लालसर, शेजारणींच्या दुप्पट. भेटायला येणाऱ्या बायका काचेला नाक लावून म्हणायच्या, "ही कशाला आहे इथे? ही तर पैलवान आहे." तिला दर वेळी उत्तर द्यावं लागे. वजन चांगलं दिसतंय ते चांगलं नाही. आईच्या साखरेवर तिचं शरीर जास्त इन्सुलिन करायला शिकलंय. आता आईकडून साखर येत नाही, पण इन्सुलिन थांबत नाही. म्हणून तिची साखर सारखी घसरते.

हे तिला सिस्टरने सांगितलं होतं आणि तिने ते जसंच्या तसं पाठ केलं होतं. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. आईची साखर तर वाढलेलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई आणि बालरोगतज्ज्ञ एकत्र आले. बाईंच्या हातात तिची वही होती. ती खाटेवर बसली होती, काटेवाला खिडकीशी उभा होता.

"सलाइन कमी केलं की बाळाची साखर पडते," बालरोगतज्ज्ञ म्हणाले. "आईची साखर वाढलेली असती तर मी म्हणालो असतो, थांबू, सावरेल. चार-सहा दिवसांत सावरतात अशी बाळं. पण तुमची वही सांगते की साखर ताब्यात होती. म्हणजे कारण बाळातच आहे. स्वादुपिंडाचा काही जन्मजात आजार असू शकतो. उद्या सकाळी आपण तिला मोठ्या रुग्णालयात पाठवू. तिथे तपासण्या होतील, रक्त बरंच घ्यावं लागेल. कधी कधी शस्त्रक्रियाही लागते."

"तिचं हाड मोडलंय," ती म्हणाली. "तिला हलवायचं?"

"पर्याय नाही."

"उद्याच?" काटेवाल्याने विचारलं.

"उद्या आठला गाडी निघेल."

 ती रडली तेव्हा त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. वही खाटेवर ठेवून ते दोघे डॉक्टर खोलीतून बाहेर गेले. दारापर्यंत सहा पावलं होती आणि तो बोलला नाही. नंतर तिने हे पुन्हा पुन्हा मोजलं. सहा पावलं.

तो दुपारी धुतलेले कपडे आणायला घरी गेला. तीनच्या सुमाराला सिस्टर तिची स्वतःची साखर बघायला आली. विभागातल्या पट्ट्या संपल्या होत्या.

"घरचं यंत्र आहे ना पिशवीत? त्यावर बघू."

यंत्र सुरू झालं नाही. सिस्टरने ते तळहातावर आपटलं, मग नखाने मागचं झाकण सरकवलं. "सेल बदलायला लागेल. अगंबाई, हे काय चिकटवलंय?"

झाकणाच्या आतल्या बाजूला नखाएवढी कागदाची पट्टी होती. अक्षर बारीक, सरळ, दुकानातल्या काट्यांवर असतं तसं. पहिल्या ओळीत तारीख आणि 'जेवणानंतर वजा १८'. त्यावर रेघ. खाली दुसरी तारीख, 'वजा २५'. त्यावर रेघ. खाली तिसरी तारीख, 'वजा ३५'. त्यावर रेघ नव्हती.

"कंपनीचं असेल काहीतरी," सिस्टर म्हणाली आणि नवा सेल बसवला.

"नाही," ती म्हणाली. "हे आमच्याकडचं आहे."

तिने यंत्र मागून घेतलं. जुने आकडे कसे काढायचे ते सिस्टरने दाखवलं. मग सिस्टर दुसऱ्या खाटेकडे गेली. तिने वही उघडली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिला आठवडा जुळत होता. एकशे बारा, एकशे बारा. एकशे एकतीस, एकशे एकतीस. मग तो सोमवार. त्याच्या पुढे वहीत एकशे सहा, यंत्रात एकशे चोवीस. वहीत एकशे अकरा, यंत्रात एकशे एकोणतीस. उपाशीपोटीचे आकडे सगळे खरे होते, त्यांना हात लावलेला नव्हता. जेवणानंतरचा मात्र एकही सुटला नव्हता. महिन्याभराने फरक पंचवीस झाला. सासूबाई गेल्या त्या दिवशी दुपारी वहीत एकशे चार होते. यंत्रात एकशे एकोणतीस. त्या आठवड्याच्या शेवटी फरक पस्तीस झाला.

माणूस चुकतो तेव्हा आकडा कधी इकडे जातो, कधी तिकडे. हा दर वेळी खालीच गेला होता.

तिने सगळी पानं तपासली. त्याला पाऊण तास लागला. मध्ये दूध द्यायची वेळ झाली, तेव्हा ती काचेपलीकडे जाऊन आली. एका हाताने, मोडलेल्या हाडाला धक्का न लावता, बाळाला चमच्याने दूध पाजलं, आणि परत येऊन राहिलेली पानं पूर्ण केली.

तो चार वाजता आला. तिने त्याला जिन्याच्या वळणावर नेलं, जिथे पाण्याचं पिंप होतं आणि ये-जा कमी होती. यंत्राचं झाकण उघडून त्याच्यापुढे धरलं.



"तू हे लिहूनही ठेवलंस," ती म्हणाली.

"सवय आहे."

"सवय."

"यंत्र जास्त दाखवत होतं. तू होतीस ना तिथे. कागदावर एकशे तेवीस आली, यंत्रावर एकशे एक्केचाळीस. फरक होता. मी फरक काढला. उगाच सुया मागे लागल्या असत्या."

"सोनाराच्या काट्याला तू किती वजनं लावून बघतोस?"

त्याने झाकणाकडे हात नेला.

"सांग ना. मी रोज बघते. किती?"

"पाच."

"मला एकच लावलंस." तिचा आवाज चढला नव्हता. ती साक्ष वाचून दाखवताना बोलायची तशी बोलत होती. "बरं, अठरा त्या कागदातून आले. पंचवीस कुठून आले? पस्तीस कुठल्या प्रयोगशाळेतून आणलेस?"

पिंपाची तोटी ठिबकत होती. त्याने ती घट्ट केली. ठिबकणं थांबलं नाही.

"आकडा वर गेला की तू जेवायची नाहीस," तो म्हणाला. "खाली आला की हसायचीस. सहा वर्षांत तुला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. आणि ती सुई. बाबांचं तुला माहीत आहे."

"ते तुझे बाबा होते. मी वेगळी आहे. बोट माझं होतं."

"मला वाटलं होतं, पुढच्या आठवड्यात खरंच खाली येईल. मग फरक हळूहळू काढून टाकीन."

"आईंना घराबाहेर काढलं मी. तू त्यांची पिशवी स्कूटरला अडकवलीस."

"हो."

"आणि आज सकाळी डॉक्टर उभे होते. बाळाला उद्या गाडीत घालून पाठवतायत, तिला जन्मजात रोग आहे म्हणून. तुला माहीत होतं की नाहीये. तू विचारलंस, 'उद्याच?'"

"मी रात्री सांगणार होतो."

"कोणाला?"

 तिने झाकण बसवलं, यंत्र आणि वही घेतली आणि डॉक्टरबाईंच्या खोलीकडे निघाली. तो मागे आला. तिने दाराशी वळून सांगितलं, "तू बाहेर थांब. आत दोघांनी बोलायची गरज नाही. मला सगळं वाचून दाखवता येतं."

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी भिंगाखाली धरून वाचली. यंत्रातले आकडे स्वतः काढून बघितले, वीस-पंचवीस तरी. मग भिंग खाली ठेवलं.

"बोटातल्या रक्ताची साखर जेवणानंतर दंडातल्यापेक्षा जास्तच येते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर एकशे वीसची मर्यादा बोटाच्याच आकड्यावर ठरवलेली असते. त्याने काढलेला पहिला फरकसुद्धा काढायचा नव्हता."

"मला तेव्हा कळलं असतं तर?"

"आठवड्याभरात इन्सुलिन सुरू केलं असतं. बाळ इतकं वाढलं नसतं, बहुतेक. आणि इतकं वाढलेलं, साखर वाढलेल्या आईचं बाळ मी शस्त्रक्रियेनेच काढलं असतं. हाड मोडलंच नसतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी वेगळं ठरवलं असतं, एवढं सांगते." त्यांनी वही उचलून परत ठेवली. "सोनोग्राफी आणि वही जमत नव्हती, तेव्हा मी सोनोग्राफीवर विश्वास ठेवायला हवा होता. अक्षर बघून फसले. ती चूक माझ्याकडे."

त्यांनी फोन उचलला आणि बालरोगतज्ज्ञांना सांगितलं, उद्याची गाडी थांबवा. मग वहीतल्या प्रत्येक पानावर तिरपी रेघ मारून सही केली. शेवटच्या पानावर लिहिलं, 'नोंदी ग्राह्य नाहीत.' तिच्या अक्षरावर पहिल्यांदा अशी रेघ पडत होती. ती बघत राहिली.

बाळाची साखर पाचव्या दिवशी टिकली, सहाव्या दिवशी सलाइन निघालं. आठव्या दिवशी ते घरी आले. हाड तीन आठवड्यांत जुळेल, तोवर डाव्या बाहीला पिन लावून हात अंगरख्याशी बांधून ठेवायचा, असं सांगितलं होतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. तिने घरी यायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या फोनवरून त्यांना फोन केला होता आणि सगळं सांगितलं होतं, तो शेजारी बसलेला असताना.

त्यांनी बाळ घेतलं. मोडक्या बाजूचा अंदाज घेत, डोकं उजव्या कोपरावर ठेवलं. मग मुलाला म्हणाल्या, "त्या दिवशी तू काटा उघडून बसला होतास. का गप्प आहेस ते मला कळलं नव्हतं. पण गप्प आहेस हे कळलं होतं. आईला एवढं कळतं."

"आई..."

"पाणी ठेव चुलीवर. बाळाला पुसायचंय."

 संध्याकाळी त्यांनी पेलाभर दूध आणून सुनेपुढे ठेवलं. तिने ते उभ्या उभ्या, एका दमात प्यायलं.

सहा आठवड्यांनी तिची स्वतःची तपासणी होती. गोड पाणी प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. गरोदरपणातला मधुमेह गेला की ठाण मांडून बसला, ते त्यावरून कळणार होतं. तो म्हणाला, सोडतो. ती म्हणाली, जाते. प्रयोगशाळेतल्या मुलीने दंडाला पट्टा बांधला तेव्हा तिने मान वळवली नाही. सुई आत गेली, नळीत रक्त चढलं, तिने सगळं पाहिलं. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गेली.

पाच वाजता ती घरी आली तेव्हा तो घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानातच होता, एका किराणा काट्यावर पाचवं वजन ठेवत होता. आतल्या खोलीत सासूबाई बाळाशी बोलत होत्या. बाळाचे दोन्ही हात आता मोकळे होते.

"किती आली?" त्याने विचारलं.

"एकशे बावन्न."

म्हणजे गेली नव्हती, बसलीही नव्हती. मधल्या पायरीवर होती. वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागणार होतं, गाठी होत्या म्हणून जास्तच. हे दोघांनाही माहीत होतं.

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पूर्वी आकडा सांगितल्यावर बघायचा तसं. तिथे त्याला काही वाचता आलं नाही.

"एकशे बावन्नच?"

"हो."

"नक्की?" त्याने वजन खाली ठेवलं. "कागद बघू जरा."

तिने पिशवीतून कागद काढून काट्याच्या ताटलीवर ठेवला. काट्यावर चार ग्रॅम उमटले. त्याने चष्मा लावला, कागद उचलला आणि आकडा वाचला. मग पुन्हा वाचला, ओठ हलवत. आकडा तोच होता. चष्मा काढून त्याने वर पाहिलं तेव्हा ती आत गेली होती.